खड्ड्यातून वर आलेली बासरी

मी बासरी. आता लगेच डोळ्यांपुढं मोरपीस आणू नका! त्या गोकुळाशी माझा काही संबंध नाही. मी पोंभुर्ण्याकडच्या जंगलातली. हातभराला बोटभर कमी, रंगानं काळपट, तीन ठिकाणी दोऱ्यानं करकचून बांधलेली. पुण्यातल्या एका बाईनं मला पाहून माझ्या तोंडावर विचारलं होतं, "ही चुलीतली फुंकणी आहे का?" त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

पण त्याच फुंकणीच्या सुरात एके दिवशी बेचाळीस वाद्यं जुळवून घेतली गेली. व्हायोलिनं, चेलो, पितळी कर्णे, सगळी. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे थोडं मिरवायलाही सांगते, खोटं कशाला बोलू? पण खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. ते एका म्हाताऱ्याचं आहे.

माझा जन्म नाल्याकाठच्या बेटातला. बेट म्हणजे बांबूचं झुंबाड. पावसाळ्यात आम्हाला कोंब फुटले की गावातल्या बाया टोपल्या घेऊन येतात. कोवळा कोंब मोडायचा, चिरायचा, उकळायचा. त्याची वास्त्याची भाजी होते आणि ती फार चवीची लागते म्हणे. त्या वर्षी बुधरीबाई आली. माझ्या डाव्या-उजव्या दोन्ही बहिणी तिच्या टोपलीत गेल्या. पण एका बेटात दोन कोंब तरी सोडायचे ही त्या गावाची रीत, आणि त्या दोनांत मी होते. यात माझी कर्तबगारी काही नाही. नशीब!

बुधरीबाईचा नवरा वारलू टोपल्या, सुपं, कुडाचे ताटवे विणायचा. आमच्याकडचा बांबू तसा भरीव. त्याची लाठी करा, मांडव घाला. पण बासरी करायची म्हटलं तर हवेला आत शिरायलाच जागा नाही. बासरीचा बांबू आसामकडून येतो, हे सगळे जाणकार सांगतात. मी मात्र नाल्याच्या ओलीवर वाढले, म्हणून माझ्या पोटात पोकळी राहिली. तीन वर्षांनी वारलूनं मला कोयत्याच्या मुठीनं ठोकलं, कान लावला आणि हसून म्हणाला, "अबे, हे त आतून रिकामी हाय!" माझं पहिलं कौतुक ते असं झालं.

त्यानं मला अंधाऱ्या पाखात, म्हणजे कृष्णपक्षात, तोडलं. उजेड्या पाखात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, असं तो मानायचा. वर्षभर मी चुलीवरच्या माळ्यावर धूर खात पडले. मग एका सकाळी त्यानं लोखंडी सळई लाल केली आणि मला भोकं पाडली. दुखलं का? दुखलं हो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी झाली, की भोकांची अंतरं त्यानं बोटांनी मोजली. दोन बोटं, पुन्हा दोन बोटं. त्यामुळं माझा सूर कुठल्याच पेटीशी जुळत नाही. दोन पट्ट्यांच्या मधोमध मी कुठंतरी लटकलेली. आणि मध्यम जरा चढा. स्वभावही तसाच, असं लोक म्हणतात.

वारलूचा मुलगा प्रफुल्ल. त्यानं मला पहिल्यांदा ओठाला लावलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याच्याआधी दोघा-तिघांनी फुंकून पाहिलं होतं आणि मी फक्त फुसफुसले होते. प्रफुल्लनं फुंकलं आणि मी स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. बुधरीबाई अंगणात मोहफुलं वाळवत होती. ती हातातलं टाकून आत आली आणि दारातच उभी राहिली. "याया, बराबर हाय का?" त्यानं आईला विचारलं. तिनं नुसती मान हलवली.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत चालतात. मंडईची जत्रा असो की शंकरपटाची बैलशर्यत, गावात नाटक पाहिजेच. घरोघरी पाहुणे येतात, पोरीबाळी माहेरी येतात आणि हजारो माणसं शेतात मांडलेल्या रंगमंचापुढं बसतात. आरमोरीच्या गुणवंतरावांचं अशा नाटकांचं मंडळ होतं. गुणवंतराव धानाचे शेतकरी, पण जीव सगळा पायपेटीत. त्यांचा क्लॅरिओनेटवाला सोडून गेला होता आणि कोणीतरी प्रफुल्लचं नाव सांगितलं. प्रफुल्ल मला गमछ्यात गुंडाळून गेला.

गुणवंतरावांनी दोन मिनिटं ऐकलं. मग पेटीवर सूर धरला आणि कपाळाला आठी घातली. आम्ही जुळेचना! मला वाटलं, झालं, आता घरचा रस्ता. पण त्या माणसानं काय करावं? पेटी उघडली, कानस घेतली आणि दोन दिवस बसून आपल्या पेटीच्या पितळी पात्या खरवडून माझ्या सुरात आणल्या. त्यांची बायको कलाबाई ओरडत होती, "काऊन मोडून राह्यले जी चांगली पेटी?" ते म्हणाले, "पेटीले सूर बदलता येते. ह्या बांबूले नाई येत."

त्या दिवसापासून प्रफुल्ल त्यांचा झाला. आणि मीही झाले, पण मला कोण विचारतो?

वादकांची जागा खड्ड्यात. रंगमंचासमोर कंबरभर खोल खणलेला असतो, त्यात पेटी, तबला, ढोलक आणि आम्ही. नट वर उजेडात, आम्ही खाली मातीच्या वासात. गुणवंतरावांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. "पब्लिकनं 'वन्स मोर' म्हटलं, का वाजवाचं. हात दुखो, दम लागो, नाई म्हनाचं नाई. ज्यानं वन्स मोर टाळला त्यानं ह्या खड्ड्यात पाय नाई ठेवाचा." आमच्याकडं अजूनही गाणं आवडलं की माणसं उभी राहून ओरडतात. एकेक पद चार-चारदा होतं. नाटक लांबतं, दिवस उजाडतो, पण उठून कोणी जात नाही.

एकोणीस सीजन आम्ही त्या खड्ड्यात काढले. प्रफुल्लचा दम असा वाढला, की एका श्वासात तो माझ्याकडून अख्खी ओवी गाऊन घ्यायचा. तिन्ही सप्तकांत तो लीलया फिरायचा. पुढं पुढं तर लोक नाटक सोडून खड्ड्यात डोकवायला लागले. एका नटानं चिडून म्हटलं, "मी मरून राह्यलो इथी आन पब्लिक बासरी पाहून राह्यली!" आम्हाला त्यात आनंद झाला, हे कबूल करते.

गुणवंतरावांची स्वतःची एक चाल होती. धानाच्या रोवणीच्या वेळी बाया चिखलात ओणव्या होऊन जे गातात, त्या सुरांवरून बांधलेली. नाटकात मुलगी सासरी निघाली की ती चाल मी वाजवायची. शब्द नाहीत. फक्त मी, आणि खाली पेटीचा एक धरलेला सूर. त्या चालीला दर गावात 'वन्स मोर' पडायचा. दर गावात, खरंच सांगते.

अशाच एका मंडईत उर्वशीबाई आली. ती चंद्रपूरची, खाणीतल्या कारकुनाची मुलगी. परदेशात जाऊन संगीतरचना शिकलेली. मामाच्या गावी पाहुणी आली आणि नाटकाला प्रेक्षकांच्या बैठकीत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर तिनं प्रफुल्लला गाठलं. म्हणाली, "मला तुमच्या बासरीसाठी कॉन्चेर्टो लिहायचाय."

प्रफुल्ल म्हणाला, "ते काय असते जी?"

तिनं छान समजावलं. एका बाजूला एकच वाद्य, दुसऱ्या बाजूला वाद्यांचा सगळा गाव. एकट्यानं बोलायचं, गावानं उत्तर द्यायचं. कधी भांडायचं, कधी समजूत काढायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून घरी जायचं. असे कॉन्चेर्टो पूर्वीच्याच लोकांनी लिहिले असं नाही, आजही लिहिले जातात, पण बहुतेक धातूच्या बासरीसाठी. बांबूसाठी थोडे. तिला बांबूच हवा होता, तोही हाच, चढ्या मध्यमाचा. तीन भाग. मधल्या भागात गुणवंतरावांची चाल, एकट्या बासरीवर, चार मिनिटं.

प्रफुल्लनं एकच अट घातली. "कागदावर भाऊचं नाव छापाले पाहिजे. चाल त्याईची हाय."

तिनं मान्य केलं आणि वर्षभरात रचना लिहूनही काढली. पण तालमी डिसेंबरात पुण्याला आणि पहिला कार्यक्रम जानेवारीत नागपूरला. म्हणजे भर सीजनमध्ये मंडळ सोडायचं. हे गुणवंतरावांना सांगणं प्रफुल्लला जड गेलं. चार दिवस तो नुसता घुटमळत राहिला. शेवटी एका संध्याकाळी, नाटकाची तयारी चालू असताना, तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि पाठमोऱ्या गुणवंतरावांना सगळं सांगितलं. बाईचं, चालीचं, नाव छापण्याचं. "येतो जी भाऊ," म्हणाला. गुणवंतराव पेटीचा भाता मारत राहिले. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

प्रफुल्ल बराच वेळ बसला. मग उठला. बसमध्ये त्यानं मला मांडीवर घेतलं होतं. पुण्याहून त्यानं फोन केले, तर कलाबाई म्हणायची, "फोनवर बोलाले मागत नाई रे बापू ते." तो समजून चुकला, की म्हातारा रागावला. त्याला मान नको होता, नाव नको होतं. त्याला एवढंच हवं होतं, की ती चाल बेचाळीस वाद्यांच्या मधोमध कशी उभी राहते ते भाऊंनी एकदा ऐकावं. ऐकलं की राग जाईल, असं त्याला वाटायचं. दर तालमीनंतर तो मला पुसताना तेच पुटपुटायचा.

तालमीचं काय सांगू! उर्वशीबाईनं स्वरलिपीचे कागद पुढं ठेवले, तर हा म्हणाला, "हे त मुंग्याईची रांग हाय." मग तो कानानं शिकला. पण बासरी गप्प असते तेव्हा मात्रा मोजाव्या लागतात; बत्तीस मात्रा थांबा, मग अचूक या. हे त्याला जमेना. शेवटी त्यानं रोवणीचा हिशेब लावला. चार रोपं म्हणजे एक ओळ, आठ ओळी झाल्या की आपण यायचं. मनातल्या मनात धान रोवत तो बसायचा आणि बरोबर यायचा. व्हायोलिनवाल्यांना वाटायचं, माणूस ध्यान करतोय.

दुसरी अडचण माझी. गार हॉलमध्ये माझा सूर उतरतो. प्रफुल्ल मला काखेत धरून ऊब द्यायचा, तरी त्यांच्या सुरात मी काही येईना. कोणी म्हणालं, हिची भोकं कानशीनं मोठी करा. प्रफुल्लनं मला छातीशी धरलं. उर्वशीबाई विचार करून म्हणाली, "नको. आपणच हिच्याकडे जाऊ." आणि त्या दिवशी बेचाळीस वाद्यं माझ्या सुरात लागली. फुंकणी म्हणणारी बाई दुसऱ्या रांगेत व्हायोलिन जुळवत होती. असो.

नागपूरचा दिवस आला. प्रफुल्लनं आरमोरीला पास पाठवले होते. येतील अशी आशा नव्हती. पण पडद्याच्या फटीतून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत पांढरं धोतर, टोपी आणि शेजारी कलाबाई! प्रफुल्लनं मला गमछ्यानं पुन्हा एकदा पुसलं.

पहिला भाग झाला. बरा झाला. मग दुसरा. वाद्यं एकेक करून थांबली आणि चाल आली. मी खूप वाजले आहे हो आयुष्यात, पण तशी कधी वाजले नव्हते. शेवटचा सूर विरला. तिथं उर्वशीबाईनं चार मात्रांची शांतता लिहिलेली होती, त्यानंतर तिनं हातानं खूण केली की व्हायोलिनांनी यायचं.

पहिली मात्रा. दुसरी मात्रा.

"वन्स मोर!"

गुणवंतराव उभे राहून ओरडले होते. खणखणीत, मोकळ्या शेतात ओरडावं तसे. सगळ्या हॉलनं माना वळवल्या. कोणी 'शूऽऽ' केलं, कोणी हसलं. कलाबाई त्यांचं धोतर ओढत होती. व्हायोलिनांचा पहिला सूर निघालाही होता.

आणि प्रफुल्लनं चाल पुन्हा धरली.

त्यानं विचार केला नाही, हे मी शपथेवर सांगते, कारण विचार करणाऱ्याचा श्वास वेगळा असतो. एकोणीस वर्षांचा नियम, तो पायाखालच्या वाटेसारखा चालून गेला. व्हायोलिनं अडखळली, चेलो थांबले, मागं कोणाचा तरी कर्णा बेसूर झाला. उर्वशीबाईचा हात हवेत राहिला, मग हळूहळू खाली आला. बेचाळीस माणसं वाद्यं मांडीवर घेऊन बसली आणि आम्ही दोघांनी पूर्ण चार मिनिटं ती चाल पुन्हा वाजवली. पहिल्यापेक्षा चांगली वाजली. मग कसंबसं सगळं पुन्हा जुळलं आणि तिसरा भाग पार पडला.

टाळ्या झाल्या. आत आल्यावर उर्वशीबाईचा चेहरा पांढरा पडला होता. "प्रफुल्लभाऊ, तुम्ही काय केलंत हे?" एवढंच म्हणाली. कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळीतला एक जण म्हणाला, की गावठी माणसाला मंचावर बसवलं की असंच होणार. प्रफुल्लचं तिकडं लक्ष नव्हतं. तो मला हातात घेऊन तसाच मागच्या दारानं गाड्यांच्या जागेकडं धावला.

गुणवंतराव जीपला टेकून उभे होते. प्रफुल्ल पाया पडला. "भाऊ, राग गेला का जी?"

गुणवंतराव त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. कलाबाईनं पदर तोंडाला लावला. "त्याईले आयकाले येत नाई रे," ती म्हणाली. "तीन वर्स झाले. नटाईचे ओठ पाहून पेटी वाजवत आन कोनाले सांगू नको म्हनत होते. पेटीवाला बहिरा झाला म्हनल्यावर मंडळात कोन येईन?"

प्रफुल्ल तिथंच खाली बसला. खड्ड्याच्या काठावर बसून आपण पाठीला काय काय सांगितलं होतं, ते त्याला आठवलं असणार. मलाही आठवलं. फोनही आठवले.

गुणवंतरावांना काय विचारलं असेल ते समजलं. बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं, सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल असं ते बोलले. "कागदावर वाचलो माह्यं नाव. मंग तू एकटा वाजवाले लागला, म्हनलो, हेच हाय. पन कानात काई आलं नाई. म्हनलो, एक डाव आनखी वाजवन त येईन. म्हनून ओरडलो."

प्रफुल्लनं वर पाहिलं. हातानंच विचारलं, मग? दुसऱ्यांदा?

"नाई," गुणवंतराव म्हणाले. "दुसऱ्या डावाही नाई आलं."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. दोनदा वाजले मी, जीव ओतून, आणि ज्याच्यासाठी वाजले त्याच्यापर्यंत पोचलेच नाही.

मग म्हाताऱ्यानं प्रफुल्लचा उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट चाचपलं. "खड्ड्यात मी म्होरं बसो, तू माह्या पाठीमागं. कान होते तवर तुले आयकलो, पन एकोनीस सीजनात वाजवताना कधी नीट पाह्यलो नाई. आज पाह्यलो. बोटं कसे पडते रे तुह्ये! पानी पडते तसे." आणि ते रडले. प्रफुल्ल तर केव्हाचाच रडत होता. कलाबाई दोघांनाही रागावत होती, की चला, लोक पाहून राह्यले.

त्याचं जे व्हायचं ते झालं. पुढचे आठ कार्यक्रम प्रफुल्लच्या हातून गेले. धातूच्या बासरीवाल्या एका तरुणानं ते केले. चांगले केले म्हणतात. त्याची बासरी गार हॉलमध्ये उतरत नाही, ठरल्या जागी थांबते, ठरल्या जागी येते. मी तिचा द्वेष करत नाही. थोडा करते. आम्ही परत मंडळात आलो आणि उरलेला सीजन खड्ड्यात काढला. पेटीवर आता दुसरा माणूस होता.

मेच्या उन्हात, पोंभुर्ण्याला झाडाचं पान हलत नसताना, उर्वशीबाई वारलूच्या अंगणात येऊन बसली. तिचा राग गेला होता. म्हणाली, "दुसऱ्याकडून ऐकलं आणि कळलं, मी हे तुमच्यासाठीच लिहिलंय. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा करायचंय. पण मला शब्द हवा. कोणीही ओरडलं तरी पुन्हा वाजवायचं नाही. बेचाळीस माणसांचा प्रश्न आहे."

प्रफुल्ल म्हणाला, "ते माह्यानं होनार नाई जी. मले नाई म्हनाले शिकवलंच नाई."

म्हातारा वारलू माझ्या अंगाला पडलेली चीर लाखेनं भरत होता. मान वर न करता म्हणाला, "ज्यानं शिकवलं त्याले जाऊन विचार ना बे."

आम्ही आरमोरीला गेलो. कलाबाईनं पाटीवर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून गुणवंतरावांपुढं धरलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि प्रफुल्लवर असे खेकसले, की ओसरीवरची मांजर पळाली. "लेका, अक्कल गहान ठेवली का? तो नेम खड्ड्याचा होता. तू आता वरते बसते. वरतचा नेम वरतचा! तिथी चाळीस जन तुह्याकडं पाहून राह्यते. मी ओरडलो ते चुकलो मी. मले काय मालूम मंदी थांबाचं नसते म्हनून?" मग जरा शांत झाले. "आता कोनी ओरडन, त थांबाचं नाई. माह्या गळ्याची आन हाय तुले."

प्रफुल्लनं त्यांच्या गळ्याला हात लावून शब्द दिला.

रोवणी संपली त्याच आठवड्यात गुणवंतराव गेले. झोपेतच गेले. त्यांच्यामागं त्यांची चाल वाजवावी असं सगळे म्हणत होते, पण प्रफुल्लला फुंकता येईना. तीन दिवस त्यानं मला हातच लावला नाही.

त्याला आता चार वर्षं झाली. तो कॉन्चेर्टो आम्ही पुण्याला वाजवला, मुंबईला वाजवला, समुद्रापलीकडं दोन ठिकाणी वाजवला. आणखी दोघा रचनाकारांनी प्रफुल्लसाठी नवे कॉन्चेर्टो लिहिले. त्याचं नाव आता मोठ्या अक्षरांत छापतात. त्याच्याखाली लहान अक्षरांत, चाल गुणवंतराव, आरमोरी. नव्या रचनांसाठी त्याच्याकडं आसामच्या बांबूच्या तीन देखण्या बासऱ्या आहेत. माझ्या चिरा वाढल्यात. वारलूचे हात आता थरथरतात, तरी दर उन्हाळ्यात तो मला लाख भरतो, दोरा गुंडाळतो, मोहाच्या बियांचं तेल पाजतो. मी फक्त त्या पहिल्या कॉन्चेर्टोपुरती खोक्यातून बाहेर येते. अजून एखादा हिवाळा निघेल, फार तर दोन. मला त्याची तक्रार नाही. भाजी होण्यापासून वाचलेल्या जिवानं आणखी काय मागावं?

एकच मागते. चाल संपली की त्या चार मात्रा येतात. प्रफुल्ल मला ओठांवरून काढत नाही. मी त्याच्या इतकी जवळ असते, की मला कळतं, तो मोजत नसतो. तो ऐकत असतो. उर्वशीबाईला ते ठाऊक आहे. ती आपला हात जरा उशिराच खाली आणते. हॉलमध्ये हजार माणसं असतात. शिकलेली, शहाणी, कुठं टाळी द्यायची आणि कुठं नाही हे नीट ठाऊक असलेली. ती सगळी श्वास धरून गप्प बसतात. मग व्हायोलिनं येतात.

तुम्ही कधी त्या हॉलात आलात आणि ती चाल तुम्हाला खरंच आवडली, तर माझं ऐका. शेजारच्याची लाज धरू नका. उभे राहा आणि पोटातून ओरडा. तो थांबणार नाही, त्यानं शब्द दिलाय. मीही वाजणार नाही. तरी एकदा ओरडा.